बाको

स्वीडनमधील हातहत्यारे बनवणारा उद्योग. ॲडजस्टेबल पाना आणि पाइप पाना या दोन हत्यारांमुळे तो जगभर पोहोचला. योहान पेटर योहान्सन (१८५३–१९४३) या कारागीर-संशोधकाने १८८६ मध्ये एन्शपिंग येथे काढलेल्या यांत्रिक कर्मशाळेतून त्याचा आरंभ झाला.

त्या काळी नट-बोल्टांची मापे एकसारखी नव्हती. प्रत्येक कारखाना आपल्या मापाचे नट पाडी. दुरुस्तीला निघालेल्या कारागिराला पान्यांचा भारा सोबत न्यावा लागे आणि झिजलेल्या नटावर त्यांतला एकही नेमका बसेलच असे नसे. योहान्सनची दोन्ही प्रमुख हत्यारे या अडचणीतून घडली. १८८८ मध्ये त्याने पाइप पान्याचे पेटंट घेतले. ॲडजस्टेबल पाना पुढच्या काही वर्षांतला.

जबडा सरकवता येणारे पाने त्याआधीही होते. इंग्लंडमध्ये एडविन क्लाइबर्नने १८४० च्या दशकातच तसा पाना केला होता. तरीही आज फिटरच्या हाती दिसणारे सुटसुटीत रूप योहान्सनचे, आणि हे श्रेय लहान नाही. यात एक जबडा मुठीशी अखंड असतो, दुसरा आट्यांच्या फिरकीने अंगठ्याखाली पुढेमागे होतो. आताच्या पान्यात जबडे मुठीशी साधारण १५ अंशांनी कललेले असतात. त्यामुळे अडचणीच्या जागी पाना उलटा करून पुन्हा बसवला, की षटकोनी नट ६० ऐवजी ३० अंशांच्या झोक्यातही फिरवता येतो. मुख्य जोर स्थिर जबड्यावर येईल अशा बाजूनेच पाना ओढायचा असतो. हे पाळले नाही तर सरकता जबडा सैल होतो आणि नटाचे कोपरे मारले जातात.

हत्यार योहान्सनचे, पण नाव व्यापाऱ्याचे. १८९० मध्ये बेर्न्ट ऑगस्ट योर्ट याच्याशी विक्रीचा करार झाला आणि त्याच्या पेढीच्या (B. A. Hjort & Co.) आद्याक्षरांवरून ‘बाको’ (BAHCO) ही मुद्रा आली. प्रायमस स्टोव्ह जगभर नेणारी पेढीही हीच. तिच्या विक्रीजाळ्याशिवाय एन्शपिंगचा पाना परदेशी कारखान्यांत इतक्या लवकर शिरला नसता. १९१६ मध्ये योहान्सनने कर्मशाळा योर्टच्या हवाली केली आणि स्वतः विजेच्या दिव्यांच्या रचनेकडे वळला. त्याच्या नावावर शंभराहून अधिक पेटंटे आहेत. डेन्मार्कमध्ये या पान्याला आजही ‘स्वीडिश किल्ली’ म्हणतात.

१९८० च्या दशकात बाकोने अभिकल्पकांना सोबत घेऊन कामगाराच्या हाताचा व मनगटाचा अभ्यास केला आणि ‘एर्गो’ मालिकेतील हत्यारे आणली. १९९१ मध्ये सँडविक या स्वीडिश पोलाद कंपनीने बाकोची हत्यारे विकत घेतली. सँडविक १८८६ पासून करवती बनवत होती. तिचे मासा-आणि-गळ हे चिन्ह पुढे बाकोच्या हत्यारांवरही आले. १९९९ मध्ये हा सगळा हत्यारविभाग अमेरिकेच्या स्नॅप-ऑन कंपनीकडे गेला.