डब्ल्यूच्या आधीचा आणि नंतरचा आकडा

इंजिन ऑइलच्या डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. घोळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? मग ते पाण्यासारखं ०डब्ल्यू-२० कशाला, नागपूरच्या उन्हाळ्यात घट्ट २०डब्ल्यू-५०च बरं, असा सल्ला आजही सर्रास दिला जातो. नव्या इंजिनासाठी तो घातक आहे.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनातल्या दाटपणाचा, आणि थंड म्हणजे बर्फच असं नाही. इंजिन तापलं की ऑइल १०० अंश सेल्सिअसच्या आसपास काम करतं. त्यापुढे पुण्यातली मे महिन्याची सकाळही थंडच. साधारण ५डब्ल्यू-३० सिंथेटिक ऑइलचा दाटपणा १०० अंशांना ११-१२ सेंटिस्टोक असतो, ४० अंशांना तोच ६०-७० होतो. २०डब्ल्यू-५० तर ४० अंशांनाच दीडशेच्या पुढे जातं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू केली की असं दाट ऑइल वर कॅमशाफ्टपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत, आणि टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, आणि तेवढा वेळ धातूवर धातू घासतो. मात्र ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यू यांच्यातला फरक आपल्या हवेत जवळपास जाणवत नाही, कारण त्यांची स्टार्टिंगची चाचणी अनुक्रमे उणे ३५ आणि उणे ३० अंशांना होते.

नंतरचा आकडा गरम इंजिनातल्या दाटपणाचा. बाहेर ४५ अंश असले तरी थर्मोस्टॅट आणि रेडिएटर इंजिनाचं तापमान आवाक्यात ठेवतात, त्यामुळे हा आकडा हवा बघून ठरवायचा नसतो. बेअरिंगमधली फट, ऑइल पंप आणि व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा यांच्या हिशेबाने कंपनी तो ठरवते आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये देते. १५० अंशांना, जोराच्या घर्षणात ऑइलचा थर किती टिकतो याचं माप असतं: २० ग्रेडला किमान २.६, ३० ला २.९ आणि ५डब्ल्यू-४० ला ३.५ मिलिपास्कल-सेकंद. ३.५ मागणाऱ्या इंजिनात २० ग्रेड टाकलं तर बेअरिंगमधला थर अपुरा पडतो. उलट २० ग्रेडच्या इंजिनात ५० टाकलं, तर व्हॉल्व्ह टायमिंग मंदावतं, मायलेज घटतं, कधी चेक इंजिनचा दिवाही लागतो.

ग्रेड जुळली म्हणजे काम झालं असं नाही. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी जाळता येते, ऑइलमधल्या धातुयुक्त रसायनांची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची साठते. एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या सी३ दर्जाच्या ऑइलमध्ये ही राख जास्तीत जास्त ०.८ टक्के असते, तिच्याच ए३/बी४ दर्जात १.६ टक्क्यांपर्यंत चालते. दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-३० असू शकतं! म्हणून डब्याची मागची बाजू वाचायलाच हवी. डायरेक्ट इंजेक्शन (इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) टर्बो पेट्रोल गाडीला एपीआय या अमेरिकी संस्थेचा एसपी दर्जा बघा. कमी आरपीएमवर जोर लावताना इंधन-हवेचं मिश्रण वेळेआधी पेटून पिस्टन फुटू शकतो, त्याला आळा घालण्याची चाचणी या दर्जात आहे. ‘फुल्ली सिंथेटिक’ या मोठ्या अक्षरांना तेवढं महत्त्व नाही. खनिज तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून बनवलेलं ग्रुप ३ तेलही त्याच नावाने विकलं जातं, आणि दर्जा जुळत असेल तर ते उत्तम चालतं.

ऑइल किती भरायचं, तेही मॅन्युअलमध्येच. तिथे फिल्टरसह आणि फिल्टरविना असे दोन आकडे असतात. फिल्टरसहचा ३.५ लिटर असेल, तर आधी ३.२ लिटर ओता. इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा, सपाट जागी दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) पुसून पुन्हा घाला आणि मग थोडं थोडं वाढवा. मॅक्सच्या खुणेपलीकडे भरलं तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो आणि पंप हवा ओढू लागतो. ड्रेन प्लगचा, म्हणजे जुनं ऑइल काढायच्या बोल्टचा, वॉशर दर वेळी नवा लावा. जुना दबलेला असतो, तिथूनच थेंब गळतात.

डीपीएफवाल्या डिझेल गाडीत ऑइलची पातळी न भरताच वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, डिपस्टिकचा वास घ्या. रोज चार-पाच किलोमीटरच धावणाऱ्या गाडीत काजळी जाळण्याची प्रक्रिया अर्धवट राहते, त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिझेलचा वास आला किंवा पातळी मॅक्सच्या वर गेली, तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट न बघता ऑइल बदला.