परदेशवाटेवरचं ‘मेडिकल’: गुप्तरोग तपासणीमागचा इतिहास

गोव्यातला माणूस बाहेर पडतो तो अनेक वाटांनी. कुणी तारवटी होऊन बोटीवर जातो, कुणी आखातात, कुणी कॅनडा-ऑस्ट्रेलियाला. यातल्या बहुतेक वाटांवर ‘मेडिकल’ लागतं. नजर तपासली, छातीचा एक्स-रे काढला, हे आपण घरी येऊन सांगतो. त्याच रक्तात उपदंश, म्हणजे गावात जिला गरमी म्हणतात तो रोग, आणि एचआयव्हीसुद्धा पाहिला जातो, हे मात्र कुणी बोलत नाही. रिपोर्ट खराब आला तर ‘एजंटाने फसवलं’ असं सांगून माणूस गप्प बसतो. कर्ज काढून भरलेले पैसे बुडतात ते वेगळेच. ही तपासणी कुठून आली आणि तिने कुणाचं भलं केलं, हे म्हणूनच नीट समजून घ्यायला हवं.

हा रोग परक्याने आणला, ही समजूत फार जुनी आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात उपदंशाची साथ पसरली तेव्हा इटलीतले लोक फ्रेंचांकडे बोट दाखवत होते आणि फ्रेंच नेपल्सकडे. आपल्याकडे आयुर्वेदाचा ग्रंथकार भावमिश्र याने तो फिरंग्यांच्या नावावर मांडला. 1534 साली गोव्यात आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगावर दिल्या जाणाऱ्या चोपचिनीबद्दल लिहिलं आहे. ती मुळी चीनहून येई. रोग बोटीने आला तसं त्याचं औषधही बोटीनेच आलं.

कायद्याच्या पातळीवर आजच्या तपासणीचं मूळ 1891 च्या अमेरिकी कायद्यात सापडतं. ‘किळसवाणा किंवा धोकादायक सांसर्गिक रोग’ असलेल्या माणसाला देशात घेऊ नये, असं त्यात म्हटलं होतं. किळसवाण्या रोगांत उपदंश आणि परमा (गोनोरिया) हे दोन्ही आले. 1892 च्या पहिल्या दिवशी न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस बेटावरचं केंद्र सुरू झालं. तिथे डॉक्टर रांगेतल्या माणसावरून काही सेकंद नजर फिरवत आणि संशय आला की कोटावर खडूने अक्षर लिहीत: डोळ्यांसाठी एक, हृदयासाठी दुसरं. खडू लागलेला माणूस बाजूला घेतला जाई. मात्र ही रांग खालच्या वर्गाच्या प्रवाशांसाठी होती. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना डॉक्टर बोटीवरच वरवर पाहून सोडून देत. जंतू तिकीट पाहून अंगात शिरत नाही, हे त्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं.

परत पाठवायच्या प्रवाशाचा खर्च बोट कंपनीच्या माथी होता. त्यामुळे कंपन्याच निघायच्या बंदरावर आधी तपासणी करून घेऊ लागल्या. अमेरिकेच्याच 1924 च्या कायद्यानंतर व्हिसा परदेशातल्या कचेऱ्यांत मिळू लागला आणि तपासणीही तिकडे सरकली. आज अमेरिकेत स्थायिक व्हायला निघालेला गोंयकार मेडिकलसाठी मुंबई गाठतो, त्याची सुरुवात ही अशी झाली.

दरम्यान विज्ञान पुढे गेलं. 1906 मध्ये वासरमानची रक्ततपासणी आली. अंगावर काही दिसत नसलं तरी उपदंश ओळखता येऊ लागला. 1943 मध्ये पेनिसिलिनने तो बरा होतो हे सिद्ध झालं. सुरुवातीच्या अवस्थेत बेन्झाथिन पेनिसिलिनचं 24 लाख युनिटचं एक इंजेक्शन पुरतं. रोग जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. एवढ्याने जो रोग जातो, त्याच्यासाठी कुणाचं आयुष्य अडवून ठेवण्याचं कारण उरत नाही.

पेनिसिलिनच्याही आधीचा एक करार गोव्याने मुद्दाम आठवावा असा आहे. मुंबईत धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गोंयकारांच्या वसतिगृहात, ट्रंक ठेवून बोटीची वाट पाहणाऱ्या आपल्या तारवट्यांच्या जगाशी त्याचा थेट संबंध आहे. 1 डिसेंबर 1924 रोजी ब्रुसेल्समध्ये काही देशांनी मान्य केलं, की मोठ्या बंदरांत व्यापारी बोटींवरच्या खलाशांना गुप्तरोगांवर फुकट उपचार मिळतील आणि खलाशी कोणत्या देशाचा आहे हे विचारलं जाणार नाही. रुग्णाला त्याचं स्वतःचं कार्ड मिळे. त्यावर निदान आणि झालेले उपचार लिहिलेले असत, म्हणजे एका बंदरात सुरू झालेला उपचार पुढच्या बंदरात चालू ठेवता येई. ही सोय कुठे आहे हे कप्तानाने खलाशांना सांगायचं, असंही ठरलं होतं. 1891 चा कायदा माणसाला दारातून परत पाठवत होता. 1924 चा करार त्याला बरं करून पुढच्या बंदरात धाडत होता. माझ्या मते पुढचं सगळं शतक या दोन वृत्तींच्या ओढाताणीचं आहे, आणि बहुतेक वेळा पहिलीच जिंकत आली.

एचआयव्हीच्या बाबतीत तर ती उघडउघड जिंकली. 1985 मध्ये चाचणी उपलब्ध झाली आणि 1987 मध्ये अमेरिकेने एचआयव्ही आपल्या प्रवेशबंदीच्या यादीत घातला. प्रवाशांच्या तपासणीने साथ थांबणार नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी त्याच वर्षी सांगितलं होतं. ऐकलं कुणी नाही. भारतानेही परदेशी विद्यार्थ्यांवर चाचणीची सक्ती केली. तिची झळ सर्वांत जास्त आफ्रिकी विद्यार्थ्यांना बसली आणि काहींना शिक्षण टाकून परतावं लागलं. देशातले पहिले रुग्ण 1986 मध्ये चेन्नईत सापडले होते. विषाणू आधीच आत होता, तरी शोध मात्र बाहेरच्यांचा चालू होता.

गोव्यात ही भीती जास्त होती, कारण परदेशी पर्यटक इथे किनाऱ्यावर रोज दिसत होते. राज्याच्या 1985 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती झाली आणि एचआयव्ही-बाधिताला वेगळं डांबून ठेवायचा अधिकार सरकारला मिळाला. पण त्या कायद्याखाली सापडला तो इथलाच मुलगा, डॉमिनिक डिसोझा. त्याचा गुन्हा काय, तर रक्तदान. नेमाने रक्त देणाऱ्या या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही आढळला. 14 फेब्रुवारी 1989 रोजी पोलिसांनी त्याला उचललं आणि म्हापशात क्षयरोग्यांसाठी पूर्वी वापरात असलेल्या इमारतीत 64 दिवस एकट्याला ठेवलं. तिथे त्याच्यावर इलाज असा काही होत नव्हता. रोग बरा करणारा इलाज तेव्हा नव्हताही. आसपासचे लोक सुरक्षित व्हावेत म्हणून हे केलं, असं म्हणावं तर तो रोग हवेतून किंवा शेजारी बसल्याने पसरत नाही, हे डॉक्टरांना तेव्हाही माहीत होतं.

त्याची आई लुसी डिसोझा यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. वकील होते आनंद ग्रोव्हर, जे पुढे आरोग्याच्या हक्कासाठी संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक झाले. डॉमिनिक सुटला, पण कायद्याच्या वैधतेवरचा निकाल सरकारच्या बाजूने लागला. माणसाचा हक्क आणि समाजाचं हित यांत न्यायालयाने समाजाकडे कौल दिला. त्या काळात उठलेल्या संतापामुळे एवढं झालं, की सक्तीचं विलगीकरण ऐच्छिक ठरलं, म्हणजे करायचं की नाही ते सरकारने ठरवायचं. डॉमिनिकने 1992 मध्ये ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. चाचणीला उपचाराची आणि गुप्ततेची जोड नसेल तर तिचं काय होतं, हे बघायला गोव्याला एलिस बेटापर्यंत जावं लागत नाही.

अमेरिकेची बंदी दोन दशकांहून जास्त टिकली. तिच्या निषेधात 1990 च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या एड्स परिषदेवर अनेक संस्थांनी बहिष्कार टाकला आणि 1992 ची परिषद बॉस्टनहून ॲमस्टरडॅमला हलवावी लागली. तरी 1993 मध्ये ही बंदी थेट कायद्यातच लिहिली गेली. ती अखेर 4 जानेवारी 2010 रोजी उठली. न्यूझीलंडने 2021 मध्ये एचआयव्हीची अट काढली. कॅनडात उपदंश आणि एचआयव्हीची चाचणी आजही होते, पण सरकारी खर्चाच्या कारणावरून नकार देण्याची मर्यादा 2018 मध्ये बरीच सैल झाली. अमेरिकेच्या यादीत गुप्तरोगांपैकी आता उपदंश आणि परमा राहिले आहेत. 2016 मध्ये तीन दुर्मीळ गुप्तरोग तिच्यातून वगळले. उरलेल्या दोन रोगांत उपचार घेतल्याचा दाखला दिला की वाट मोकळी होते. म्हणजे तिथे हळूहळू ब्रुसेल्स कराराची वृत्ती आली.

आखातात ती आलेली नाही. तिकडे जाणाऱ्यांची इथेच तपासणी करणाऱ्या, पूर्वीची ‘गॅमका’ आणि आताची ‘वाफिद’ या व्यवस्थेत एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, उपदंश या सगळ्यांवर ‘अनफिट’ असा एकच शिक्का बसतो. तिथे पोचल्यावर पुन्हा तपासणी होते, आणि त्यात एचआयव्ही सापडला तर माणूस परत येतो. उपदंशाच्या बाबतीत एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. व्हीडीआरएल ही पहिली चाचणी मलेरिया, गरोदरपण किंवा दुसऱ्या काही आजारांतही चुकीची पॉझिटिव्ह येऊ शकते. पक्कं करायला टीपीएचए करतात, पण ती एकदा पॉझिटिव्ह आली की पुरता बरा झालेल्या माणसातही बहुधा जन्मभर तशीच राहते. दहा वर्षांपूर्वी इंजेक्शन घेऊन बरा झालेला माणूस कागदावर पुन्हा रोगीच दिसतो. त्याच्या नोकरीचा निकाल अशा कागदावर लागतो, हा मला उघड अन्याय वाटतो.

पोर्तुगीज, म्हणजे युरोपीय संघाच्या, पासपोर्टवाल्यांनी यातलं काहीच पाहिलं नाही. 1964 च्या युरोपीय निर्देशात रोगांच्या यादीत उपदंश होता. 2004 च्या नव्या निर्देशाने सरसकट तपासणीच बंद केली. त्यामुळे ब्रेक्झिटआधी इंग्लंडात स्विंडनला गेलेल्या आपल्या लोकांचं रक्त वाटेवर कुणी मागितलं नाही. एकाच वाड्यावरच्या दोन भावांपैकी कुवेतला जाणाऱ्याची ही तपासणी व्हायची आणि लंडनला जाणाऱ्याची नाही. त्यांच्या रक्तात फरक होता असं कोण म्हणेल?

भारतात एचआयव्हीबाबतचा 2017 चा कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही आणि माणसाची समजून दिलेली संमती असल्याशिवाय चाचणी करता येत नाही, असं तो सांगतो. परदेशी सरकारच्या व्हिसाच्या अटी त्याच्या कक्षेबाहेर राहतात. म्हणून जायचं ठरलं असेल तर पैसे भरण्याआधी सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रात फुकट, गुप्तपणे चाचणी करून घ्यावी. एचआयव्हीची औषधं 2004 पासून सरकार मोफत देतं. उपदंश निघाला तर उपचार पूर्ण करावेत आणि व्हीडीआरएलचं प्रमाण आधी किती होतं, नंतर किती उतरलं, याचे तारखेनिशी रिपोर्ट पासपोर्टबरोबर जपून ठेवावेत. टीपीएचएच्या कागदावर बोट ठेवणाऱ्या डॉक्टरला दाखवण्यासारखा पुरावा तेवढाच असतो.