पतसंस्थेत सहाच माणसं, मग तक्रार कुणाकडं?
सोलापुरात पतसंस्थांत काम करणाऱ्या बायकांना हमखास ऐकवलं जातं, ‘दहा माणसं नाहीत, कायदा लागू नाही.’ (ऐकवणारा बहुधा तोच, ज्याला तक्रारीची धास्ती!) साफ चूक. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा सगळीकडं लागू आहे. दहाची अट फक्त अंतर्गत समितीसाठी, म्हणजे कामाच्या जागीच तक्रार ऐकणाऱ्या समितीसाठी. माणसं कमी म्हणून समितीच नसली, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असली, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. लेखी अर्ज घटनेपासून तीन महिन्यांत द्यायचा. सबळ कारण असेल तर आणखी तीन मिळतात.

‘तू कंत्राटी, तुला कसला अधिकार?’ हेही खोटं. शिकाऊ, रोजंदारीवरची, पिग्मी गोळा करणारी, सगळ्या यात येतात. आणि लॉकरच्या खोलीत बोलावून ‘कायम करतो, पण माझं ऐकावं लागेल’ असं सुचवणं, हात न लावताही छळच.