मिनिटभर मोजलेला श्वास

आजारी बाळाचे पोट भराभर उडू लागले की काहीतरी गंभीर आहे, हे महाराष्ट्रातल्या खेड्यांतील बायकांना कुणी शिकवावे लागले नाही. ‘बाळाला डबा झाला’ असे म्हणून कुठे पोटावर बिब्बा घातला जाई, तर कुठे तापलेल्या लोखंडाचा डाग दिला जाई. उपाय घातक होता, पण निरीक्षण अचूक होते, आणि बालकांच्या न्यूमोनियावरील संशोधनाला पुढे याच निरीक्षणाचा आधार घ्यावा लागला.

न्यूमोनियात फुप्फुसातील वायुकोश द्रवाने भरतात आणि फुप्फुस ताठर होते. खोल श्वास घेणे जड जात असल्याने बाळ उथळ, पण जलद श्वास घेऊन ऑक्सिजनची तूट भरून काढू पाहते. आजार वाढला की श्वास घेताना छातीचा खालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत ओढला जातो. पापुआ न्यू गिनीतील गोरोका येथे काम करणारे बालरोगतज्ज्ञ फ्रँक शान यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले, की एक्स-रे आणि स्टेथोस्कोप नसतानाही केवळ श्वासाच्या गतीवरून कोणत्या मुलाला प्रतिजैविक द्यावे हे बऱ्यापैकी ठरवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे वयानुसार मर्यादा आखून दिल्या: दोन महिन्यांपर्यंत मिनिटाला 60, एक वर्षापर्यंत 50 आणि पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून अधिक श्वास.

हे ज्ञान डॉक्टरांपुरतेच राहिले असते तर त्याचा फारसा उपयोग नव्हता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील आरोग्यसेवकांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखून कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक देण्यास शिकवले. 1990 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अशी सोय असलेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 54 टक्क्यांनी कमी होते.

अनेक दायांना दहापुढे मोजता येत नसे. त्यांच्यासाठी बनवलेले श्वासमापक यंत्र मला या सगळ्या संशोधनातील सर्वांत बुद्धिमान भाग वाटतो. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सोबत मण्यांच्या ओळी, एवढीच त्याची रचना. बाळ शांत असताना झबले वर करायचे, घड्याळ उलटे करायचे आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. दोन महिन्यांच्या आतील बाळांसाठी सहा मण्यांची ओळ आणि त्याहून मोठ्यांसाठी पाच मण्यांची. रडणाऱ्या किंवा दूध पिणाऱ्या बाळाचा श्वास मात्र मोजायचा नाही, आणि नवजात बाळाचा श्वास मुळातच अनियमित असल्याने पूर्ण मिनिटभर, गरज पडल्यास दुसऱ्यांदाही, मोजायचा.

नवजात बाळाच्या जंतुसंसर्गात श्वासाची गती एकटी पुरत नाही, कारण अशा बाळाला ताप येण्याऐवजी ते थंडही पडू शकते. म्हणून ‘सर्च’ने सात लक्षणे निवडली: रडणे क्षीण होणे, दूध ओढणे कमी होणे, हातपाय सैल पडणे, उलटी किंवा पोट फुगणे, अंग गार लागणे, छाती आत ओढली जाणे आणि बेंबीत पू होणे. यांपैकी दोन एकाच वेळी दिसली की प्रशिक्षित आरोग्यदूत आई-वडिलांच्या संमतीने घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देई. घरी जाऊन दिलेल्या एकूण नवजात सेवेमुळे तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली प्रसिद्ध झाले. 2011 पासून देशभरातील आशा कार्यकर्त्या ज्या गृहभेटी देतात, त्यांचे मूळ या प्रयोगात आहे. सरकारी योजनेत इंजेक्शनचा भाग मात्र तसाच उचललेला नाही.

या पद्धतीची मर्यादाही मान्य करायला हवी. विषाणूसंसर्गाने किंवा दम्यासारख्या घरघरीनेही श्वास जलद होतो, आणि त्यामुळे गरज नसलेल्या अनेक मुलांना प्रतिजैविक मिळते. नेमका जंतू शोधावा, तर लहान मूल बेडका बाहेर काढत नाही आणि रक्ताच्या तपासणीत बहुतेक वेळा काही उगवत नाही.

आता लसींमुळे चित्र बदलत आहे. न्यूमोनिया घडवणाऱ्या जंतूंपैकी हिबविरुद्धची लस पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरील एकत्रित लसीतून, तर न्यूमोकोकसविरुद्धची लस 2017 पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही न्यूमोकोकसविरुद्ध लस विकसित केली आहे. या दोन्ही लसींचा पहिला डोस सहाव्या आठवड्यात मिळतो. त्याआधीच्या बाळासाठी त्या सात लक्षणांवरच नजर ठेवावी लागते.