वापरकर्ता खाती व सॉफ्टवेअर बसवण्याचे अधिकार : खानदेशातील जुने घरगुती संगणक

एकाच संगणकावर काम करणाऱ्या व्यक्तींची ओळख वेगवेगळी ठेवणारी आणि त्यांपैकी कोणाला नवे सॉफ्टवेअर बसवता येईल हे ठरवणारी व्यवस्था. प्रस्तुत नोंद जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील घरगुती संगणकांपुरती, तसेच घराच्या ओटीवर किंवा दुकानाच्या गल्ल्यामागे ठेवलेल्या संगणकांपुरती आहे. कालखंड ढोबळमानाने विंडोज ९८ ते विंडोज ७ असा धरला आहे. या सीमा काटेकोर नाहीत. बाजारात नवी आवृत्ती आली म्हणजे ती लगेच घराघरांत पोचली असे होत नव्हते, आणि जुनी आवृत्ती कंपनीने सोडून दिल्यावरही यंत्रे चालूच राहत.

उगम व मतभेद : अनेकांनी एक यंत्र वापरायचे तर प्रत्येकाला स्वतंत्र खाते हवे, ही कल्पना घरगुती संगणकाच्या आधीची आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत नोव्हेंबर १९६१ मध्ये फर्नांडो कोर्बातो व सहकाऱ्यांनी सीटीएसएस या कालविभागणी प्रणालीचे, म्हणजे एका यंत्राचा वेळ अनेक वापरकर्त्यांत वाटून देणाऱ्या प्रणालीचे, प्रात्यक्षिक केले. संगणकावरील पासवर्डचा आरंभ सामान्यतः याच प्रणालीपासून, म्हणजे साठच्या दशकाच्या पूर्वार्धापासून, मानतात. तिच्यानंतरच्या मल्टिक्समध्ये प्रत्येक फाइलीला 'कोणाला काय करता येईल' याची यादी जोडलेली असे. १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्सने ही यादी आखडून मालक, गट व इतर अशा तीन वर्गांवर आणली. सर्वाधिकार मात्र रूट या एकाच खात्याकडे ठेवले.

घरगुती संगणकावर आलेली विंडोजची अधिकारव्यवस्था यांपैकी कोणत्या शाखेची, याबद्दल दोन मते आहेत. पहिले मत ती डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हीएमएस या प्रणालीची वारस मानते. व्हीएमएसच्या रचनाकारांपैकी डेव्हिड कटलर १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली विंडोज एनटी १९९३ मध्ये बाजारात आली, हा या मताचा आधार. दुसरे मत व्यक्तीपेक्षा नियमांना महत्त्व देते. अमेरिकी संरक्षण खात्याने १९८३ मध्ये काढलेल्या आणि १९८५ मध्ये सुधारलेल्या, मुखपृष्ठाच्या रंगावरून 'ऑरेंज बुक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निकषांतील सी-२ या पातळीत प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र ओळख पटवणे, एकेका व्यक्तीच्या नावाने प्रवेश देता-नाकारता येणे आणि झाल्या गोष्टींची नोंद ठेवणे आवश्यक होते. सरकारी खरेदीसाठी एनटीला ही पातळी गाठायची होती. मालक-गट-इतर अशा ढोबळ वर्गवारीने एकट्या व्यक्तीला वगळणे अवघड जाते, तेथे यादीच लागते. एनटीतील प्रवेशयाद्यांचे स्पष्टीकरण दुसऱ्या मताने अधिक सरळ मिळते. पहिले मत चरित्रात्मक लेखनात जास्त आढळते.

हा वाद येथे देण्याचे कारण असे की, घरगुती वापरकर्त्याच्या पदरी पडलेली व्यवस्था घरासाठी आखलेलीच नव्हती. ती कचेरीसाठी, आणि कचेरीत प्रशासक नावाचा पगारी माणूस असतो हे गृहीत धरून आखलेली होती.

विंडोज ९५, ९८ व एमई : या आवृत्त्यांत खाती होती, पण कुंपण नव्हते. नाव व पासवर्ड विचारणारी चौकट आली की एस्केपची कळ दाबून पुढे जाता येई. वेगळ्या खात्याने मिळे ते फक्त वेगळे वॉलपेपर आणि वेगळा डेस्कटॉप. डिस्कवर फाइली ठेवण्याची फॅट ही मांडणी (तिचा नंतरचा प्रकार फॅट ३२) फाइलीच्या मालकाची नोंदच ठेवत नसल्यामुळे सॉफ्टवेअर बसवण्यास मनाई करण्याची सोयही नव्हती.

विंडोज एक्सपी : ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या एक्सपीने एनटीचा गाभा प्रथमच घरगुती आवृत्तीत आणला. खाती मुख्यतः दोन प्रकारची : संगणक प्रशासक आणि मर्यादित. शिवाय पाहुण्यांसाठी एक खाते होते, ते बहुधा बंदच असे. मर्यादित खात्याला विंडोजच्या फोल्डरमध्ये, प्रोग्राम फाइल्समध्ये किंवा रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या निवडी साठवणाऱ्या कोठाराच्या, सर्वांसाठी समाईक असलेल्या भागात लिहिता येत नसे. त्यामुळे छपाईयंत्राचा ड्रायव्हर (यंत्राची विंडोजशी गाठ घालून देणारे सॉफ्टवेअर), नेटसेटर म्हणून ओळखले जाणारे इंटरनेटचे डोंगल किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर बसवण्याचा प्रयत्न अर्ध्यावर अडत असे. घड्याळ बदलण्याचा अधिकारही या खात्याला नव्हता. मदरबोर्डवरचा बटणसेल संपलेल्या जुन्या यंत्रात ही अट विशेष जाचक ठरे. दर वेळी संगणक जुन्या सालात सुरू होई, सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची तारीख जुळत नाही म्हणून उघडत नसत, आणि मर्यादित खात्यातून तारीख दुरुस्त करायला गेल्यास अधिकार नसल्याचा संदेश मिळे.

तथापि ही सगळी बंधने डिस्क एनटीएफएस या, फाइलीच्या मालकाची नोंद ठेवणाऱ्या मांडणीत असेल तरच पुरेशी लागू होत. फॅट ३२ वर एक्सपी बसवलेला असल्यास फाइलींपुरते मर्यादित खाते नावालाच मर्यादित राहत असे. कन्व्हर्ट ही आज्ञा देऊन डेटा न पुसता एनटीएफएसवर जाता येते, मात्र त्याच मार्गाने परत येता येत नाही.

याहून मोठी फट स्थापनेतच होती. एक्सपी नव्याने बसवताना 'हा संगणक कोण वापरणार' असे विचारून पाच नावांपर्यंत जागा दिलेली असे. तेथे लिहिलेले प्रत्येक नाव प्रशासक होई, तेही बिनपासवर्डचे. मर्यादित खाते हवे असल्यास ते नंतर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन मुद्दाम करावे लागे. शिवाय ॲडमिनिस्ट्रेटर नावाचे एक अंगभूत खाते पडद्याआड असे. एक्सपीच्या घरगुती म्हणजे होम आवृत्तीत त्यात फक्त सेफ मोडमधून, म्हणजे दुरुस्तीसाठी किमान सोयींनिशी सुरू केलेल्या विंडोजमधून, शिरता येई आणि त्याचा पासवर्ड सहसा कोराच असे. पासवर्ड विसरलेल्या संगणकावर एफ-८ दाबून काही मिनिटांत नवा पासवर्ड लावून देणारे कारागीर याच वाटेने जात.

मर्यादित खात्यातच राहून एखादे सॉफ्टवेअर तेवढे प्रशासकाच्या नावाने चालवण्यासाठी 'रन ॲज' ही सोय होती. पण कोऱ्या पासवर्डचे खाते फक्त यंत्रासमोर बसून थेट वापरता येईल असा एक्सपीचा मूळ नियम असल्यामुळे, प्रशासकाला पासवर्ड लावलेला नसेल तर ही सोय चालतच नसे. घरात भांडण नको म्हणून पासवर्ड न लावणाऱ्यांना सुरक्षित मार्गही बंद झाला तो असा.

खानदेशातील प्रथा : घरगुती संगणकाचा प्रसार या भागात प्रामुख्याने २००० नंतरच्या दशकात झाला असे दिसते. अमळनेरला १९४५ मध्ये निघालेल्या वनस्पती तुपाच्या कंपनीचीच पुढे विप्रो झाली आणि ऐंशीच्या दशकात ती संगणकनिर्मितीत उतरली. मात्र त्यावरून खानदेशात संगणक लवकर घरोघरी आले असा निष्कर्ष काढता येत नाही. प्रसाराला अधिक साहाय्य झाले ते २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाचे व त्याच्या तालुकोतालुकीच्या केंद्रांचे. केंद्रातील विद्यार्थी फाइल, फोल्डर, पत्र, तक्ता शिकून बाहेर पडे. खाती व अधिकार हे केंद्रचालकाचे काम समजले जाई.

घरचा संगणक बहुतेक वेळा असेंबल केलेला असे. जळगाव, भुसावळ, धुळे येथील दुकानांतून सुटे भाग घेऊन जोडणी होई, आणि 'विंडोज टाकून' देणाराच पहिले खाते करी. त्या खात्याचे नाव कधी यूजर, कधी ॲडमिन, कधी दुकानाचेच. चोपडा, शहादा किंवा तळोद्याकडच्या घरी यंत्र पोचल्यावर घरातले सगळे, आप्पांपासून शाळकरी पोरापर्यंत, त्याच खात्यात काम करीत. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची, तसा प्रकार येथे उलटा झाला. यंत्र वापरणाऱ्या घराला प्रशासकाचे सर्व अधिकार होते, पण त्यांची जाणीव कारागिरालाच होती. पासवर्ड लावलाच असेल तर तोही त्याच्या डोक्यात असे. काही बिघडले की फोन त्याला जाई, आणि उपाय बहुधा एकच असे : फॉरमॅट मारणे, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवणे. संगणकाची खरी प्रशासकी घराबाहेर होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

फॉरमॅट मारताना सी ड्राइव्ह पुसला जाई व डी ड्राइव्ह तसाच ठेवला जाई. त्यातून उद्भवणारी एक अडचण तपशिलाने सांगण्याजोगी आहे, कारण तिचा अर्थ अनेकदा व्हायरस असा लावला गेला. विंडोज खात्याला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला ती एक लांब सुरक्षा-क्रमांक देते. त्याचा शेवटचा भाग अंगभूत प्रशासकासाठी ५००, पाहुण्यासाठी ५०१ आणि मागाहून केलेल्या खात्यांसाठी १००० पासून पुढे असतो. आधीचा भाग त्या स्थापनेपुरता असतो. विंडोज पुन्हा बसवल्यावर त्याच नावाचे खाते केले तरी क्रमांक नवा. डी ड्राइव्हवर मुलीचे फोटो 'खाजगी' करून ठेवलेले असतील तर त्यांच्या यादीत जुनाच क्रमांक राहतो, आणि आता तो धारण करणारे कोणी नसल्यामुळे प्रवेश नाकारल्याचा संदेश येतो. अशा वेळी प्रशासकाने फोल्डरची मालकी स्वतःकडे घ्यावी लागते. होम आवृत्तीत त्यासाठीची सुरक्षेची पट्टी केवळ सेफ मोडमध्ये दिसे. हे ठाऊक नसलेल्यांनी दुसऱ्यांदा फॉरमॅट मारून फोटो कायमचे घालवल्याची शक्यता मोठी आहे.

भारनियमनाचाही खात्यांशी संबंध होता. खात्याच्या साऱ्या निवडी एनटीयूजर नावाच्या एका फाइलीत असतात आणि खाते चालू असेपर्यंत ती उघडीच असते. अचानक वीज गेल्यास ती खराब होऊ शकते. पुढच्या वेळी विंडोज तात्पुरते कोरे खाते उघडते, किंवा त्याच नावापुढे संगणकाचे नाव जोडून नवे फोल्डर तयार करते. डेस्कटॉपवर ठेवलेली बिले, बायोडेटा 'गायब' होतात. वास्तविक ती डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जमधील जुन्या फोल्डरात जशीच्या तशी असतात. घरातला इन्व्हर्टर पंखा आणि ट्यूबलाइटसाठी राखलेला, आणि संगणकाच्या यूपीएसची बॅटरी दमलेली, अशा घरांत हा अनुभव नवा नव्हता.

मराठी व अधिकार : एक्सपीवर देवनागरी युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची समाईक अक्षर-संकेतप्रणाली) नीट दिसण्यासाठी प्रादेशिक भाषांच्या पर्यायांत जाऊन संयुक्त लिप्यांची सोय वेगळी बसवावी लागे. त्यासाठी प्रशासकाचे खाते आणि एक्सपीची मूळ सीडी दोन्ही लागत. सीडी दुकानातच राहिलेली असल्यास मराठी मजकुराच्या जागी चौकोन, किंवा भलतीकडे पडलेली वेलांटी दिसे. अहिराणी मजकूरही देवनागरीतच लिहिला जात असल्याने त्याचीही हीच गत. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे युनिकोडपूर्व फाँट चालत, तेथे वेगळा प्रश्न होता. फाँट विंडोजच्या फाँट्स फोल्डरमध्ये टाकायला प्रशासक हवा, आणि श्रीलिपीसारख्या भारतीय भाषांच्या फाँट-पॅकेजचे हार्डवेअर लॉक (संगणकाला जोडायची परवान्याची किल्ली) ओळखणारा ड्रायव्हर बसवायलाही प्रशासकच हवा. परिणामी हाताखालच्या ऑपरेटरला मर्यादित खाते देण्याचा विचार असला तरी तो टिकत नसे. एकट्या वापरकर्त्यापुरता फाँट बसवण्याची मुभा विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीत मिळाली.

व्हिस्टा व विंडोज ७ : २००७ च्या आरंभी आलेल्या व्हिस्टात प्रशासकही रोजच्या कामात सामान्य अधिकारानेच वावरू लागला. सॉफ्टवेअर बसवताना पडदा काळवंडून परवानगी विचारली जाई. मर्यादित खात्याची जागा घेणाऱ्या स्टँडर्ड खात्याला प्रशासकाचा पासवर्ड द्यावा लागे. वारंवार येणाऱ्या या चौकटीवर टीका झाली. २००९ च्या विंडोज ७ ने चौकट किती वेळा यावी हे ठरवणारी चार टप्प्यांची पट्टी दिली. पट्टी खाली ओढून ठेवण्याचे काम कारागीर संगणक जोडतानाच उरकत.

या आवृत्त्यांतील एक कमी परिचित गोष्ट हिशेबाच्या संगणकांना भोवली. प्रोग्राम फाइल्समध्येच डेटा लिहू पाहणाऱ्या जुन्या ३२-बिट सॉफ्टवेअरला अडवण्याऐवजी विंडोज तो डेटा गुपचूप त्या-त्या खात्याच्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात वळवते. सॉफ्टवेअरला वाटते लिहिले गेले. त्यामुळे वडिलांनी त्यांच्या खात्यातून केलेल्या नोंदी मुलाने स्वतःच्या खात्यातून तेच सॉफ्टवेअर उघडल्यास दिसत नाहीत, आणि दोघांच्या शिल्लकीत फरक पडतो. असे सॉफ्टवेअर प्रोग्राम फाइल्सबाहेर, दोघांनाही लिहिता येईल अशा फोल्डरात बसवणे हा त्यावरचा साधा उपाय.

बंधनांची मर्यादा : २००८ मध्ये आलेला क्रोम ब्राउझर वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात बसू शकत असल्याने त्याला प्रशासकाची गरज लागत नसे. मर्यादित खात्यात काहीच बसवता येत नाही, हा समज म्हणून बरोबर नाही. संपूर्ण यंत्राला लागू होणारे काही बसवता येत नाही, एवढेच खरे. सायबर कॅफेंनी तर खात्यांवर विसंबण्याऐवजी डीप फ्रीझसारखी, संगणक पुन्हा सुरू होताच सारे बदल पुसून टाकणारी सॉफ्टवेअरे पसंत केली.

लिनक्स : सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने २००७ मध्ये प्रसृत केलेल्या बॉस या लिनक्सवर आधारित प्रणालीत आणि तशाच उबंटूत सॉफ्टवेअर बसवताना पासवर्ड मागितला जातो. खानदेशातील घरांत त्यांचा वापर तुरळक.

सद्यःस्थिती : एक्सपीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० रोजी थांबले. अशा यंत्रावर उरलेले काम टायपिंगचे किंवा जुन्या हिशेबाचे असेल, तर प्रशासकाला पासवर्ड लावून तो घरच्या वहीत लिहून ठेवणे, रोजचे काम मर्यादित खात्यातून करणे आणि इंटरनेट तोडणे, या क्रमाने जावे. फॉरमॅट मारण्यापूर्वी डी ड्राइव्हवरील खाजगी फोल्डरांची नक्कल जुन्या खात्यातूनच पेन ड्राइव्हवर घ्यावी. पेन ड्राइव्ह फॅट ३२ मांडणीत असल्यास नकलेबरोबर जुन्या प्रवेशयाद्या जात नाहीत, आणि नव्या खात्यातून फाइली विनाअडथळा उघडतात.