औषधांचा होलसेल परवाना: अर्जाआधी ताईंनी काय जुळवून ठेवावं

औषधांची एजन्सी घ्यायची असो, की दुसऱ्याच्या कारखान्यात गोळ्या बनवून घेऊन स्वतःचा ब्रँड काढायचा असो, सुरुवात होलसेल परवान्यापासूनच होते. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देतं. अर्ज ऑनलाइन भरायचा. परवाने दोन लागतात: नेहमीच्या औषधांसाठी फॉर्म २०-बी आणि लस, इन्सुलिन यांसारख्या औषधांसाठी २१-बी. फी प्रत्येकी १,५०० रुपये.

होलसेलसाठी स्वतः फार्मासिस्ट असावंच लागतं असं नाही, आणि हे ठाऊक नसल्यामुळेच अनेकजणी मागे राहतात. नियमात 'सक्षम व्यक्ती' लागते: रजिस्टर्ड फार्मासिस्ट, किंवा औषध व्यवसायाचा एक वर्षाचा अनुभव असलेली पदवीधर, किंवा चार वर्षांचा अनुभव असलेली दहावी पास व्यक्ती. अनुभव असेल तर ती व्यक्ती तुम्हीच व्हा. कुणाचं तरी सर्टिफिकेट भाड्याने घेऊन नुसतं भिंतीवर लावू नका; उद्या माल पकडला गेला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

गाळा किमान १० चौरस मीटर हवा. तिथेच किरकोळ विक्रीही करायची असेल तर १५. अर्जासोबत गाळ्याचा नकाशा, जागेचा पुरावा, फ्रीजचं बिल, सक्षम व्यक्तीचं नेमणूकपत्र आणि अनुभवाचा दाखला, ओळखपत्र, फोटो. भागीदारी असेल तर भागीदारीपत्र.

अर्ज अडतो तो बहुतेक दोन ठिकाणी. पहिलं, जागा. गाळा सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असतो आणि 'घरचीच जागा आहे की' म्हणून कागद केलेला नसतो. घरातल्या घरात असला तरी रीतसर भाडेकरार करून त्याची नोंदणी करून घ्या. दुसरं, नाव. पदवीवर माहेरचं, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र आधीच जोडा, म्हणजे त्रुटी निघून अर्ज परत येणार नाही.

मग औषध निरीक्षक जागा पाहायला येतात. फ्रीज उघडून आतला थर्मामीटर बघतात. इन्सुलिनसाठी पारा २ ते ८ अंशांत हवा. त्या दिवशी गाळ्यावर तुम्ही स्वतः थांबा आणि विचारलेल्या प्रश्नांना तुम्हीच उत्तरं द्या. परवाना तुमच्या नावाचा आहे.

परवाना मिळाला की दर पाच वर्षांनी रिटेन्शन फी भरून तो चालू ठेवायचा. माल फक्त परवानाधारक दुकानांना, दवाखान्यांना किंवा डॉक्टरांना द्यायचा आणि विक्रीची बिलं तीन वर्षं जपायची. भागीदार बदलला तर जुना परवाना जास्तीत जास्त तीन महिने चालतो, तेवढ्यात नवा परवाना हातात आलाच पाहिजे. स्वतःचा ब्रँड असेल तर १ मार्च २०२१ पासून औषधाच्या दर्जाची जबाबदारी बनवणाऱ्याबरोबर बाजारात आणणाऱ्यावरही आहे. म्हणून प्रत्येक बॅचचा तपासणी अहवाल हातात आल्याशिवाय माल उचलू नका.

ब्रँड काढणाऱ्यांनी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणीही करून ठेवा. ती मोफत आहे. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या खरेदीत ३ टक्के वाटा महिलांच्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी राखलेला आहे, आणि त्या यादीत यायला ही नोंदणी लागते; मात्र नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाराला हा लाभ मिळत नाही.