मुतखडा फक्त चाळिशीनंतरच्या पुरुषांना होतो का?

"मुतखडा हे चाळिशीनंतरच्या पुरुषांचं दुखणं, आणि खडे सगळे सारखेच." हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय आणि तो साफ चुकीचा आहे. याच समजापायी मुलांची पोटदुखी अंगावर काढली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या गरीब घरांतल्या लहान मुलांना मूत्राशयात खडे सर्रास व्हायचे. आहार सुधारला तसे ते कमी झाले आणि मोठ्यांच्या मूत्रपिंडातले खडे वाढले. आता अनेक देशांत किशोरवयीन मुलं आणि तरुण स्त्रियांमध्येही प्रमाण वाढतंय.

खड्याचा प्रकारही वयानुसार बदलतो. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे सर्वाधिक. तरुण स्त्रियांत कॅल्शियम फॉस्फेटचे तुलनेने जास्त, तर उतारवयात, विशेषतः लठ्ठपणा किंवा मधुमेह असेल तर, युरिक अ‍ॅसिडचे वाढतात. लघवीचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) 5.5 च्या खाली राहिला की युरिक अ‍ॅसिड नीट विरघळत नाही, त्याचे स्फटिक जमतात. हा खडा साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही, पण लघवीची आम्लता औषधाने कमी केली तर विरघळू शकतो. कॅल्शियमचा खडा असा विरघळत नाही. त्यामुळे लघवीतून पडलेला खडा फेकू नका, तपासायला द्या.